रडणाऱ्याच्या शेजारी गाजुल सर

कुणी रडू लागले की आमच्या घरातली माणसे दुसरीकडे पाहत. सांगोल्याकडची कोरडवाहू जमीन आणि मेंढरे यांवर आमचे घर चाले. मेंढी दगावली तर माझे वडील उघडपणे डोळे पुसत; माणूस गेले की मात्र ते कोपऱ्यात दोरी वळत बसत आणि भेटायला आलेली मंडळी त्यांच्या तोंडाकडे न पाहता चाऱ्यापाण्याचे बोलत. त्यांना माया नव्हती असे कुणी समजू नये. रडणाऱ्याची लाज राखावी, आपण त्याला पाहिलेच नाही असे त्याला वाटू द्यावे, हीच आमच्याकडची माया. ती आणखी कुठल्या प्रकारची असू शकते याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला नव्हता. तो मला करायला लावला अंबादास गाजुल यांनी.

गाजुल सर आमच्या शाळेत गणित शिकवत. घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरातली भाषा तेलुगू, धाकट्या भावाचे टॉवेलचे माग. सरांचा देह उंच आणि रुंद, मिशी भरघोस, आवाज असा की ते तळमजल्यावर वर्गमूळ सांगत तेव्हा वरच्या मजल्यावरची मुले ते उतरवून घेत. अशा माणसाविषयी मनात प्रथम धाकच उत्पन्न व्हावा. माझ्याही मनात तो झाला होता, आणि तो जेमतेम एक आठवडा टिकला.

मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. एके दिवशी आठवीच्या वर्गावरून जाताना आत पाहिले, तर फळ्यापाशी एक मुलगा खडू घेऊन रडत उभा होता आणि त्याच्या शेजारी उभे राहून गाजुल सरही रडत होते. सरांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

“पुढं?” सर हुंदका देत म्हणाले.

“नाही येत, सर.”

“येतंय की. छेद सारखा कर आधी.”

मुलाने छेद सारखा केला. दोघांनी नाके पुसली.

“आता बेरीज.” सरांनी पुन्हा हुंदका दिला. “आणि चुकलास तर परत पहिल्यापासनं. सोडणार नाही मी.”

मी धावतच शिक्षकांच्या खोलीत गेलो. तिथे हिंदीच्या शेख मॅडम वह्या तपासत होत्या. गाजुल सरांच्या घरी काही वाईट घडले आहे का, असे मी त्यांना घाबऱ्या घाबऱ्या विचारले.

मॅडमनी वहीतून डोके वर काढले नाही. “आठवी में अपूर्णांक चालू है क्या?”

“हो, तसंच दिसलं.”

“फिर ठीक है. दशांश लगे की बंद होता वो.”

पुढे माझ्या ध्यानात आले की सरांच्या या रडण्यात दुःख असे नसेच. जांभई देणारा माणूस दिसला की आपल्याला जांभई येते, तसे रडणारा माणूस दिसला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. कारण कळण्याची गरज नसे, ओळख असण्याचीही नसे. विशेष म्हणजे त्या पाण्याने त्यांचा निर्णय तसूभरही ओला होत नसे. शिक्षा सांगितली ती सांगितलीच. एकदा मी धीर करून विचारले, “सर, एवढं वाईट वाटतं तर मुलाला सोडून का देत नाही?”

ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. “तो रडतोय ते त्याचं आणि माझं. गणित चुकलंय ते चुकलंयच की. त्यात काय संबंध?”

रुमालावर त्यांचे भागत नसे. भावाच्या मागावरचा जाड नॅपकिन त्यांच्या खांद्यावर कायम असे. त्याच नॅपकिनने ते फळाही पुसत, त्यामुळे अपूर्णांकांच्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांभोवती खडूची पांढरी वर्तुळे उमटत आणि ते मोठ्या, दुःखी घुबडासारखे दिसत. मुले हसत नसत. घुबडाला हसण्याची हिंमत कुणात नव्हती.

आमच्या त्या खोलीत रडणाऱ्याची चार तऱ्हांनी व्यवस्था होई. शेख मॅडम रडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, “रो लो, अंदर मत रखो,” आणि मग आल्याचा चहा मागवत. शिपाई शिवलिंगप्पा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कानडी बोलणारा. तो रागावे. “यव्वा, उगी रडू नका. घसा बसतंय. बोलायचं कसं मग?” असे म्हणून पाण्याचा पेला हातभर अंतरावर ठेवी आणि आपण काही केलेच नाही अशा चेहऱ्याने निघून जाई. मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राही. आणि गाजुल सर खुर्ची ओढून जवळ बसत व रडत.

एकदा एका तरुण शिक्षिकेचे ठरलेले लग्न मोडले. ती सकाळी आली ती टेबलावर डोके ठेवून रडूच लागली. आम्ही चौघेही आपापल्या पद्धतीने एकदमच कामाला लागलो. डोक्यावर मॅडमचा हात, समोर शिवलिंगप्पाचा पेला आणि त्याचे रागावणे, पाठीमागे मी व माझा कडुनिंब, आणि शेजारी गाजुल सरांचा तो गडगडाटी हुंदका. थोड्या वेळाने बिचारीने डोके वर केले. सरांचा चेहरा तिच्यापेक्षा अधिक भिजला होता.

“सर, तुम्ही नका ना रडू. एवढं काही झालं नाही हो.”

“काय झालंय पण?” सरांनी नॅपकिनमधून विचारले.

“लग्न मोडलं माझं.”

“अय्यो!” सर म्हणाले आणि नव्या जोमाने सुरू झाले. ती मुलगी त्यांची पाठ थोपटता थोपटता हसू लागली. मॅडमनी मागवलेला चहा शेवटी सरांनाच पाजावा लागला.

आता मिशीची गोष्ट सांगतो.

आमच्या क्रीडाशिक्षकांचे वडील वारले. त्यांचे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, केळीच्या बागांमध्ये. दहाव्याला आम्ही काही शिक्षक जीप करून गेलो. पाण्याच्या कडेला भावकीतले पुरुष ओळीने बसले होते आणि न्हावी एकेकाची मिशी व डोके उतरवत पुढे सरकत होता. क्रीडाशिक्षक ओळीच्या टोकाला मान खाली घालून रडत होते. कुणीच त्यांच्याकडे पाहत नव्हते. आमच्याकडे असते तसेच सारे यथास्थित चालले होते. गाजुल सर गेले, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि असे रडले की भावकीला ओशाळल्यासारखे झाले.

माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारले, “ह्ये कोन म्हनायचं? थोरल्या आत्याकडलं व्हय?”

“न्हाय आजी, शाळेतलं सर हायत.”

“मास्तर?” त्यांचा विश्वास बसेना. “मास्तर कशापायी रडंल एवढं? लपवू नका. आत्याकडलंच हाय.”

आमचे हे बोलणे चालले असताना न्हावी ओळीच्या टोकाला पोहोचला होता. क्रीडाशिक्षकांचे आटोपून तो सरकला आणि म्हणाला, “पावनं, मान वर करा.” सरांनी मान वर केली. मी ओरडत धावलो, पण त्या गृहस्थाचा हात मोठा चपळ होता. मी पोहोचेपर्यंत सरांची अर्धी मिशी फुगवट्याच्या पाण्याला लागली होती.

“अवो, हे घरातले न्हायत!” मी म्हणालो.

न्हाव्याने वस्तरा थांबवून सरांना नीट न्याहाळले. “लई रडत हुते की वो! म्या म्हनलं, सख्खं असत्याल. सख्खी तर बगा, कशी कोरडी बसल्यात.” यावर सख्ख्यांनी नाराजीने त्याच्याकडे पाहिले.

“असू द्या,” सर म्हणाले. “आता उरलेली पण काढा. एका बाजूनं घरी जाता येतंय का?”

डोक्यावरचे केस मात्र मी वाचवले. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला चहा घेताना मी विचारले, “न्हावी समोर बसला तेव्हा तुम्ही बोललात का नाही?”

“ते रडत होते ना,” सर म्हणाले. “मधेच कसं बोलायचं?”

या प्रकरणाचा खरा भाग दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत घडला. सर शाळेत आले नाहीत म्हणून संध्याकाळी मी घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नींनी तो मला सांगितला. सकाळी सर दात घासत ओट्यावर आले. समोरच्या बाईंनी पाहिले, मिशी नाही. घरात सरांचे वडील, म्हणजे नान्ना, वयाने थकलेले. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर उभे राहून पाय सुजलेले. बाईंनी जो अर्थ काढायचा तो काढला आणि “अय्यो नान्ना!” असा हंबरडा फोडला. गल्लीतल्या बायका माग बंद करून धावत आल्या. त्या रडत आल्या, म्हणून सर ब्रश हातात धरून रडू लागले. ते रडले, म्हणून उरलेल्या गल्लीची खात्री पटली. एवढ्यात आंघोळ करून, पंचा गुंडाळून, खुद्द नान्ना बाहेर आले आणि त्यांनी विचारले, “कोण गेलं?”

 मुलगा रडतो आहे असे पाहून तेही ओट्यावर बसले आणि रडू लागले. सरांचा हा गुण वडिलोपार्जित आहे हे मला त्या संध्याकाळी समजले.

“तुम्हाला काय वाटलं, कोण गेलं असेल?” मी नान्नांना विचारले. ते खाटेवर बसून कडक भाकरी चहात बुडवत होते.

“आधी वाटलं, सून गेली,” ते शांतपणे म्हणाले. “आत डोकावून बघितलं, तर सून पोळ्या लाटत होती. मग म्हटलं, असंल कोन तरी. आपल्याला काय, रडायचं.”

सरांच्या पत्नी हसत म्हणाल्या, “आमच्यात असंच हाय, सर. रडनाऱ्याला एकटं ठेवत न्हाईत. शेजारनी येतेत, गळ्यात गळा घालतेत, गेलेल्या मानसाचं एकेक आठवून रडतेत. मग चहा पितेत, भाजी काय केली इचारतेत, घरी जातेत.”

“आणि एखादीला रडू येतच नसेल तर?”

“तिनं गळ्यात पडून नुसता आवाज काढायचा. डोळ्यातलं मागनं येतंय.”

मी यावर बराच विचार केला. माझे वडील गेले तेव्हा माझ्या शेजारी जी चांगली माणसे बसली होती, त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मला आठवत नाही. आठवतात ते त्यांचे कान आणि मानेच्या मागच्या बाजू.

मुख्याध्यापिका निवृत्त व्हायला आल्या आणि त्या जागेवर कोण, हा प्रश्न उभा राहिला. आमची शाळा विनाअनुदानित. तो निर्णय संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांच्या हाती. आप्पासाहेब साखर कारखान्यातून वरिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. शाळाही ते बॉयलर चालवावा तशी चालवत. त्यांनी मला सात रस्त्याजवळच्या संस्थेच्या कार्यालयात बोलावले.

“गावडे, गाजुल सर्वांत ज्येष्ठ. गणित उत्तम, शिस्त उत्तम. पण गळती आहे.”

“गळती?”

“डोळ्यांची. उद्या पालक रडत आले, तर मुख्याध्यापकही रडणार? शाळा आहे का काय आहे? मी त्यांना सहामाहीपुरता प्रभारी करतो. तुम्ही शेजारी बसायचं. गळती दिसली की टेबलाखालून पाय दाबायचा. कोरडे राहिले तर कायम करू. नाहीतर तुम्ही आहातच.”

या शेवटच्या वाक्यामुळे माझी अडचण झाली होती. मी सरांचा पाय मनापासून दाबेन अशी माझी खात्री होती. तरी ती खात्री मी स्वतःला पुनःपुन्हा का देत होतो, हेही मी स्वतःला विचारत होतो.

सरांना ती खुर्ची फार हवी होती. स्वतःसाठी नव्हे. “नान्नाला एकदा तिच्यासमोर बसवून चहा पाजायचाय,” ते मला म्हणाले. “आयुष्यभर सायेबाच्या खोलीबाहेर उभं राहिले. त्यांनी बघितलं पाहिजे, आत बसलेला माणूस आपला आहे. आणि ते आता किती दिवस?”

म्हणून सरांचे प्रशिक्षण सुरू झाले. शेख मॅडम रिकाम्या वर्गात त्यांच्यासमोर बसून रडण्याचा अभिनय करत. “देखो गाजुल सर, मैं रो रही हूँ. आप मत रोना.” पण मॅडमना खोटे रडताच येत नसे. त्यांना हसू फुटे, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले की सरांची गळती सुरू होई. अखेर उपाय सरांनीच शोधला. समोर कुणी रडू लागले की मनात एकोणीसचा पाढा म्हणायचा.

पहिल्या पालकसभेला आप्पासाहेब स्वतः आले. सर मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. नववीतल्या एका मुलाच्या आई उठल्या. “सर, ह्याचा मोबाईल काढून घेतला तर दोन दिस जेवला नाही हो. भाकरी तशीच ठेवतोय. मी काय करू सांगा की…” आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

सरांची हनुवटी थरथरली. मी टेबलाखालून पाय दाबला. सरांचे ओठ हलू लागले. मी आणखी जोराने दाबला.

“गावडे,” आप्पासाहेब हळूच म्हणाले, “तो माझा पाय आहे.”

बाईंनी पदर खाली घेतला. “सर, काय म्हणताय तुम्ही?”

“एकशे तेहतीस,” सर म्हणाले आणि भानावर आले. “म्हणजे, मुलाला उद्या माझ्याकडं पाठवा.”

सर कोरडे राहिले. आप्पासाहेब खूश झाले. पण त्या बाई फाटकाशी शिवलिंगप्पाला म्हणाल्या, “गेल्या साली मी रडले तर सर माझ्यासंगं रडले होते. घरी गेले ती हलकी होऊन गेले. आता बघा, माझ्या तोंडासमोर पाढे म्हणतेत.” ही बातमी पालकांत पसरली. खुर्ची मिळाली की माणूस दगड होतो, हे गाजुल सरांच्या उदाहरणाने सिद्ध झाल्याचे लोक बोलू लागले. सर दर सभेनंतर थकून येत आणि म्हणत, “रडायला काही लागत नाही हो. हे न रडणं फार दमवतंय.”

सहामाही संपली. दिवाळीच्या तोंडावर संस्थेची बैठक बसली. सरांना कायम करण्याचेच सर्वांच्या मनात होते. चहा झाला की आप्पासाहेब तसे जाहीर करणार होते. चहा येईपर्यंत एका सदस्याने सहज विचारले, “काय आप्पासाहेब, कन्या येणार ना दिवाळीला?”

आप्पासाहेबांची एकुलती एक मुलगी परदेशात असते. “नाही येत म्हणाली,” ते म्हणाले. “तिकडं सुट्टी नसते.” मग कुणी काही विचारले नसताना ते बोलतच राहिले. “नातीला मराठी येईनासं झालंय. फोनवर आली की दोन शब्द बोलते आणि पळते. कंटाळा येत असेल. मी तरी काय बोलणार तिच्याशी…” आणि त्यांचा आवाज फुटला.

त्या खोलीतल्या सभ्य माणसांनी जे करायचे ते केले. एकाने पंख्याकडे पाहिले. एकाने मोबाईल काढला. एक जण उठून उघडी नसलेली खिडकी बंद करू लागला. मी समोरच्या नारळाच्या झाडाकडे पाहत होतो. आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर आप्पासाहेबांनी चष्मा पुसला असता, खाकरले असते, आणि कुणीही काहीही पाहिलेले नसते. माझ्या शेजारून एकोणीसचा पाढा हलक्या आवाजात येत होता. तो थांबला. मग मला तो ओळखीचा, गडगडाटी हुंदका ऐकू आला.

आप्पासाहेब दचकले. “काय झालं, गाजुल?”

“काही नाही साहेब. तुम्ही रडताय ना, म्हणून.”

खिडकी बंद करणारे सदस्य परत येऊन खुर्चीवर बसले.

“मी?” आप्पासाहेब म्हणाले. “मला सर्दी झाली आहे.”

“हो साहेब,” सर रडत रडत म्हणाले. “फार झालेली दिसते.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकपदाचा आदेश आला तो माझ्या नावाने. मी तो नाकारायला हवा होता का? मी आप्पासाहेबांकडे गेलो होतो, सरांविषयी बोललोही. पण मी बोलतो हळू, आणि ‘गावडे, विषय संपला,’ असे त्यांनी म्हटल्यावर मी अधिक मोठ्याने बोललो नाही, हेही खरे.

सर अभिनंदनाला आले, ते शालीऐवजी भावाच्या मागावरचा नवा टॉवेल घेऊन. तो त्यांनी माझ्या खांद्यावर घातला. मी विचारले, “सर, सहा महिने सांभाळलंत. शेवटच्या दिवशी पाढा का थांबवलात?”

“चांगला चालला होता,” ते म्हणाले. “पण साहेबांकडं कुणीच बघत नव्हतं हो.”

यावर मी कडुनिंबाकडे पाहिले.

काही दिवसांनी मी सरांना म्हणालो की नान्नांना चहाला घेऊन या. नान्ना धुतलेले धोतर नेसून आले. मी त्यांना माझ्यासमोर बसवले. सर त्यांच्या मागे उभे राहिले. नान्नांनी खोली पाहिली, माझी खुर्ची पाहिली, तिच्यात बसलेल्या मला पाहिले. “चांगली हाय,” ते म्हणाले. “उंच हाय.” एवढेच. आम्ही तिघांनी चहा घेतला. माझ्या डोळ्यांत काही आले नाही, म्हणून त्या दोघांच्याही डोळ्यांत काही येऊ शकले नाही. ते दोघे फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी खिडकीत उभा होतो. पुढल्या उन्हाळ्यात नान्ना गेले. सरांच्या गल्लीने माग बंद ठेवून त्यांना यथासांग रडून निरोप दिला. मीही गेलो होतो. माझ्या गळ्यात एक अनोळखी म्हातारे गृहस्थ पडले, आणि सरांच्या पत्नींनी सांगितल्याप्रमाणे मी आवाज काढण्याचा प्रयत्न केला. तो खोकल्यासारखा निघाला.

माझ्या कारकिर्दीत शाळेला एक सोय झाली. पालक रडत आले की मी शिवलिंगप्पाला सांगे, “गाजुल सरांना बोलव.” सर वर्गावरून नॅपकिनसह येत आणि पालकांच्या शेजारी बसत. निर्णय माझा आणि डोळे त्यांचे, अशी ही विभागणी पालकांना पसंत पडली. मुलाला नापास केले तरी ते समाधानाने घरी जात. आप्पासाहेबही पुढे अधूनमधून शाळेत येऊ लागले. काम काही नसे. “गाजुल मोकळे आहेत का?” असे विचारत आणि दोघे रिकाम्या प्रयोगशाळेत बसत. बाहेर येताना आप्पासाहेब नाक पुसत आणि हवा बदलल्याचे मला सांगत.

गेल्या मे महिन्यात गाजुल सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला सभागृह भरले होते. बायकांनी जादा रुमाल आणले होते. सर आता रडतील, मग आपल्यालाही रडता येईल, अशा अपेक्षेने सगळे त्यांच्याकडे डोळे लावून बसले. पण कुणीच आधी सुरुवात करीना, आणि कुणी रडत नाही म्हणून सरही रडेनात. ते कोरड्या डोळ्यांनी सभोवार पाहत उभे राहिले आणि मग आठवीचा अपूर्णांकांचा पाया कच्चा राहतो आहे, यावर बराच वेळ बोलले. शेख मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, “क्या आदमी है! अपने ही दिन सूखा!”

समारंभ संपल्यावर ते माझ्या खोलीत आले. प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि एकाएकी त्यांचे डोळे भरले. खांद्यावरचा नॅपकिन हातात आला. मी विचारणार होतो, काय झाले. मग माझ्या लक्षात आले की हे विचारण्याचे कारण नाही. मी माझ्या गालाला हात लावून पाहिला.

सरांनाही ते दिसले होते. त्यांनी पटकन तोंड फिरवले आणि आमच्या माणसांसारखे, अगदी माझ्यासारखे, ते कडुनिंबाकडे पाहत उभे राहिले. पाठमोरे. त्यांचे खांदे हलत होते.

“सर,” मी म्हणालो, “इकडे बघा.”

“नको साहेब. मागं एकदा बघितलं, तर खुर्ची गेली की.”

“आता निवृत्त झालात. आता काय जायचं राहिलंय?”

त्यांनी थोडा विचार केला. एखादे उत्तर ताळा करून पाहावे तसा. मग ते वळले. केस पांढरे, मिशी पांढरी, डोळ्यांभोवती कधीच्या काळचा खडू. त्यांनी खुर्ची ओढली आणि ती माझ्या खुर्चीला लावून शेजारी बसले.

दार थोडे उघडले आणि तसेच मिटले. बाहेर शिवलिंगप्पा कुणाला तरी रागावून सांगत होता, “थांबा की जरा. आत साहेबांची मीटिंग चाललीय.”